मध्ये बसणारा माणूस

१० डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे नेल्सन मंडेला यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी मोठी सभा भरली होती. भर पावसातही लोकांचा मोठा समुदाय जमला होता. अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा बोलले, आपले तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी बोलले, अन्य अनेक देशांचे प्रमुखही बोलले. वक्त्यांच्या अगदी शेजारी एक गृहस्थ उभे राहून ती भाषणे सांकेतिक भाषेत बधिर प्रेक्षकांना सांगत होते. निदान तसे दिसत होते. दूरचित्रवाणीवर ती सभा पाहणाऱ्या, कानांनी धडधाकट असलेल्या सामान्य माणसाला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. पण दक्षिण आफ्रिकेतील बधिर मंडळींनी सभा चालू असतानाच आक्षेप घेतला की हे हातवारे कोणत्याच भाषेतले नाहीत, त्यांतून काहीही अर्थबोध होत नाही. पुढे सरकारतर्फे बधिर समाजाची क्षमा मागण्यात आली.

या प्रसंगाची तेव्हा जगभर थट्टा झाली. तथापि त्यातून एक गंभीर गोष्ट ध्यानात येते. सांकेतिक भाषेचा दुभाषी खरा की खोटा, उत्तम की सुमार, हे ऐकू येणाऱ्या माणसाला पारखताच येत नाही. खोटे नाणे सराफाला नुसत्या आवाजावरून ओळखता येते. येथे नाणे आपल्या हातात असते आणि पारख मात्र दुसऱ्याजवळ. म्हणूनच या व्यवसायात शिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांना फार मोठे महत्त्व आहे. दुभाषी घडतो कसा, आपल्या देशात त्याच्या शिक्षणाची सोय काय आहे, आणि आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांचा त्याच्याशी संबंध कोठे येतो, याविषयी प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे. संबंध येतो, आणि तो बहुधा सहीच्या वेळी येतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सांकेतिक भाषा म्हणजे मराठी वा हिंदी शब्दांना जोडलेल्या खुणांची यादी नव्हे. ती जगभर एकच आहे असेही नाही. अमेरिका व ब्रिटन यांची बोलण्याची भाषा एक असूनही त्यांच्या सांकेतिक भाषा इतक्या भिन्न आहेत की एका देशाच्या बधिराला दुसऱ्याची भाषा सहजी उमगत नाही. आपल्या देशात जी वापरली जाते ती भारतीय सांकेतिक भाषा, आणि तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी येतो. काळ हा क्रियापदाच्या रूपातून कळत नाही. 'काल', 'उद्या', 'पूर्वी' अशी खूण आधी करून तो सांगितला जातो. 'तुम्ही येणार केव्हा?', 'पैसे मिळाले नाहीत' ही आपल्या बोलण्यातील रचना तिच्या बरीच जवळची आहे. इंग्रजीशी मात्र तिचे फारसे जुळत नाही. भुवया उंचावल्या की साधे विधान होय-नाही उत्तराचा प्रश्न बनते, म्हणजे चेहरादेखील व्याकरणाचे काम करतो. करोनाच्या काळात मुखपट्टीने आपला श्वास कोंडला, परंतु बधिरांचे निम्मे वाक्यच त्या पट्टीआड गेले.

याहून विलक्षण बाब म्हणजे शरीरासमोरच्या मोकळ्या जागेचा उपयोग. दोन भावांच्या व्यवहाराची हकिकत सांगताना थोरल्यासाठी उजवी बाजू आणि धाकट्यासाठी डावी बाजू एकदा नेमून दिली, की पुढे त्यांची नावे पुन्हा पुन्हा घ्यावी लागत नाहीत. कोणी कोणास दिले, हे 'देणे' या खुणेच्या दिशेवरून कळते. हात उजवीकडून डावीकडे गेला तर थोरल्याने धाकट्यास दिले. उलट गेला तर उलट. दिशा चुकली, तर धनको ऋणको होऊन बसतो. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट प्रथम समजली तेव्हा नावे आणि जमा यांच्या दोन बाजूंची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

अशी संपन्न भाषा देशात नांदत असताना तिच्या दुभाष्यांच्या शिक्षणाला इतका उशीर का झाला, याचे उत्तर शाळांच्या इतिहासात आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बधिर मुलांना ओठांच्या हालचालींवरून समजून घ्यायला आणि तोंडाने बोलायला शिकवावे, खुणांना वर्गात थारा देऊ नये, असा ठराव तेथे झाला. मुंबईत माझगाव येथे देशातील पहिली बधिरांची शाळा निघाली तीही त्याच दशकात. त्या ठरावाची छाया जगातील शाळांवर दीर्घकाळ राहिली आणि आपल्याकडेही ती पडली. मुले वसतिगृहात, खेळाच्या मैदानावर, एकमेकांत असताना खुणांनी मनसोक्त बोलत. वर्गात मात्र हात आवरून बसावे लागे. जी भाषा शिक्षकाच्या लेखी भाषाच नव्हती, तिचा अभ्यासक्रम कोण आखणार आणि तिचे दुभाषी कोण घडवणार? २०१० साली व्हँकुव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मधली १३० वर्षे तर निघून गेली होती.

आपल्या देशात या भाषेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो १९७० नंतरच्या दशकात. मदन वसिष्ठ हे मूळचे हिमाचल प्रदेशातील. लहानपणी त्यांची श्रवणशक्ती गेली आणि पुढे ते अमेरिकेत जाऊन विद्वान म्हणून मान्यता पावले. त्यांनी जेम्स वुडवर्ड या भाषाशास्त्रज्ञाच्या बरोबरीने दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगळूर येथील बधिरांच्या खुणा नोंदवल्या. गावागणिक काही खुणा बदलत असल्या तरी मुळात भाषा एकच आहे, असे त्यांना आढळले. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात कार्य करीत आहे. तेथे २००१ च्या सुमारास सांकेतिक भाषेचा स्वतंत्र कक्ष निघाला आणि पायरीपायरीने शिकवले जाणारे अभ्यासक्रम सुरू झाले. महाराष्ट्राला भूषणावह अशी ही गोष्ट आहे, पण तिचा फारसा गवगवा झालेला नाही. त्यानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. या केंद्राने मार्च २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा चित्रफितींचा कोश प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ६,००० आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये १०,००० शब्दांपर्यंत गेला. त्यात नित्य व्यवहारातील शब्दांखेरीज कायदा, वैद्यक व तंत्रविषयक शब्दही आहेत.

दुभाष्यांसाठी या केंद्रात दोन वर्षांची पदविका आहे. बारावी उत्तीर्ण झालेल्या, ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांस तिला प्रवेश मिळतो आणि तिला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे. तिच्याच जोडीला एक दुसरी पदविका आहे, ती बधिर तरुणांसाठी. तिच्यातून सांकेतिक भाषेचे शिक्षक तयार होतात. ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते. एरवी अपंगांसाठीच्या योजनांत देणारे आपण आणि घेणारे ते, अशी मांडणी असते. येथे बधिर माणूस गुरूच्या आसनावर आहे आणि ऐकू येणारा त्याच्यासमोर विद्यार्थी होऊन बसतो.

शिक्षण कसे चालते? बधिर शिक्षक वर्गात आला की बोलणे थांबते. प्रारंभीचे कित्येक दिवस विद्यार्थ्याला केवळ पाहायला शिकावे लागते. आपण ऐकणारी माणसे समोरच्याचे बोलणे ऐकताना खिडकीबाहेर पाहतो, कागद चाळतो, नोंद करतो. सांकेतिक भाषेत क्षणभर नजर हटली की वाक्य गेले. त्यातही हाताकडे पाहत राहिल्यास उपयोग नाही. नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर ठेवावी आणि हात नजरेच्या कडेने टिपावेत, ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो. मग हाताचा आकार, त्याची जागा, तळव्याची दिशा, हालचाल आणि चेहरा ही पाच अंगे सांभाळून खुणा शिकाव्या लागतात. ही भाषा लिहून ठेवता येत नसल्याने विद्यार्थ्याच्या वहीची जागा कॅमेरा घेतो. विद्यार्थी स्वतःचे चित्रीकरण करतो, शिक्षक ते थांबवून थांबवून दाखवतो, विद्यार्थी पुन्हा करतो.

भाषा येऊ लागली म्हणजे दुभाषी झाला, असे मात्र नाही. दोन भाषा उत्तम जाणणारी कित्येक माणसे भाषांतराला बसली की अडखळतात, हे आपण पाहतोच. त्यामुळे पुढील टप्प्यात शब्द सोडून अर्थ धरण्याचा अभ्यास असतो. पाच मिनिटांचे भाषण ऐकावे, काहीही न लिहिता त्याचा आशय त्याच भाषेत आपल्या शब्दांत सांगावा. मग तोच आशय दुसऱ्या भाषेत सांगावा. सुरुवातीला वक्ता थांबल्यावर सांगावयाचे, पुढे वक्ता बोलत असतानाच त्याच्या दोन पावले मागे राहून सांगावयाचे. कान पुढचे वाक्य घेत असतात, बुद्धी मागच्याचा अर्थ लावीत असते आणि हात त्याच्याही मागचे वाक्य पूर्ण करीत असतात. या कामात मेंदू इतका शिणतो की दीर्घ कार्यक्रमात दोन दुभाषी असावेत व त्यांनी सुमारे वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलावी, अशी रीत सर्वत्र पडली आहे. 'एकाच कामाला दोघे कशाला?' असा प्रश्न आपल्याकडील संयोजक हमखास विचारतात, त्याचे उत्तर हे आहे.

उलट दिशेचे काम, म्हणजे बधिराच्या खुणा पाहून त्या आवाजात उतरविणे, बऱ्याच विद्यार्थ्यांना अधिक अवघड जाते. दुभाषी अडखळला तर ऐकणाऱ्यांना वाटते की बधिर माणूसच अडाणी आहे. एखादा सुशिक्षित, नर्मविनोदी बधिर गृहस्थ दुभाष्याच्या तुटक मराठीमुळे चारचौघांत बावळट ठरतो आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून दुभाष्याला खुणांइतकीच आपली मराठीही घासूनपुसून लख्ख ठेवावी लागते. शाळेतील मुलाशी, वकिलाशी आणि आजीबाईंशी बोलण्याची मराठी एकच नसते.

कपडे साधे, अंगाच्या रंगाहून वेगळे आणि बिननक्षीचे असावेत, बांगड्या-अंगठ्यांचा लखलखाट नसावा, उजेड समोरून यावा, बसण्याची जागा बोलणाऱ्याच्या बाजूला असावी, या गोष्टीही शिकवल्या जातात. त्या वरवरच्या वाटल्या तरी कामाच्या आहेत.

आता नीतिनियमांकडे येतो, कारण माझ्या मते दुभाष्याच्या शिक्षणाचा प्राण तेथे आहे. त्याने ऐकलेले बाहेर सांगू नये. आपल्या आवाक्याबाहेरचे काम घेऊ नये. काही वगळू नये, काही घालू नये, सल्ला देऊ नये. बधिर माणूस 'मला मान्य नाही' म्हणाला तर दुभाष्यानेही 'मला मान्य नाही' असेच म्हणावयाचे. 'त्यांना मान्य नाही असे ते म्हणतात' असे नव्हे. हा 'मी' म्हणण्याचा नियम नवख्याला विचित्र वाटतो. पण 'ते म्हणतात' हे शब्द आले की खोलीतील सर्वांच्या नजरा दुभाष्याकडे वळतात, आणि ज्याचा व्यवहार आहे तो माणूस बाजूला पडतो.

बँकेतील नोकरीत असतानाचा एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. एका बाजारपेठेच्या गावी मी शाखेत असताना भुसार मालाची आडत असलेल्या एका पेढीच्या कॅश क्रेडिट मर्यादेत वाढ करावयाची होती. तीन भाऊ, धाकटे जन्मापासून बधिर. त्यांची जामीनकी घ्यावयाची होती. सहीच्या दिवशी थोरले बंधू म्हणाले, ''साहेब, मी सांगतो त्याला, आमचे घरचे आहे.'' त्यांनी कागदाकडे बोट दाखवले, हवेत सही केल्यासारखे केले आणि मान डोलावली. धाकट्यांनी खिशातून पेन काढले. थोरल्यांच्या मनात यत्किंचितही पाप नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकतो. त्या दोघांत घरातल्या चाळीस-पन्नास खुणा होत्या. जेवण, दुकान, गाडी, पाहुणे एवढ्यांपुरत्या. 'जामीनदार' अशी खूण त्यांत असणे शक्यच नव्हते.

सह्या मी त्या दिवशी घेतल्या नाहीत. जिल्ह्याच्या गावच्या बधिरशाळेतील एका अनुभवी शिक्षिकेस विनंती करून दोन दिवसांनी सर्वांना पुन्हा बसवले. एका कागदाला दीड तास लागला. धाकट्या बंधूंनी तीन प्रश्न विचारले. पेढी बुडाली तर माझे घर जाईल का? किती रकमेपर्यंत मी बांधला जातो? पुढे मला यातून बाहेर पडता येईल का? वीस वर्षे मी जामीनदारांच्या सह्या घेत होतो. त्यांपैकी कानांनी उत्तम ऐकणाऱ्या किती जणांनी हे तीन प्रश्न विचारले, ते बोटांवर मोजता येईल. भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात अन्यथा ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. सततच्या जामीनकीतून नोटीस देऊन पुढील व्यवहारांपुरते बाहेर पडता येते, आधीच्या देण्यातून नाही. हे सर्व सांगितले गेले. अखेर ठरावीक रकमेपुरती मर्यादित जामीनकी देण्यास ते तयार झाले आणि बँकेनेही ती मान्य केली.

परंतु त्या दीड तासात आणखी एक गोष्ट घडली. त्या शिक्षिका अत्यंत कनवाळू होत्या. धाकटे बंधू त्यांच्याच शाळेत शिकलेले. 'घर जाईल का?' हा प्रश्न त्यांनी आमच्यापर्यंत पोहोचवलाच नाही, स्वतःच उत्तर देऊन टाकले. धाकट्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ''त्याला म्हटले, सही करू नकोस.'' त्यांचे मन चांगले होते, भाषा येत होती, तरीही त्या क्षणी मध्ये बसणारी व्यक्ती एका बाजूची झाली होती. थोरल्या भावाने आपल्या परीने जे केले, तेच शिक्षिकेने उलट दिशेने केले. निर्णय धाकट्यांचा होता, आणि दोन्ही वेळा तो त्यांच्या हातून अलगद दुसऱ्याकडे गेला होता. भाषा जाणणारा आणि दुभाषी यांतील अंतर मला त्या दिवशी जेवढे कळले तेवढे कोणत्याही पुस्तकाने कळले नसते.

'लिहून दाखवले तर काय बिघडते?' असे पुष्कळ जण विचारतात. लिहून दाखवावेच, त्यात वाईट काही नाही. पण ज्याने मराठी कधी कानांनी ऐकलीच नाही, त्याच्यासाठी मराठी ही पुस्तकातून शिकलेली दुसरी भाषा असते. 'संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार राहीन' हे वाक्य आपल्यातील पदवीधरांनाही दोनदा वाचावे लागते. तशीच गोष्ट नामनिर्देशनाची. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालकी वारसाहक्काने ठरते, हा भेद आपल्या समाजातील किती कुटुंबांना ठाऊक आहे? दुभाष्याने नॉमिनीसाठी 'मागाहून मालक होणारा' अशा अर्थाची खूण केली, तर पुढच्या पिढीतील भांडणाचे बी तेथेच पडते. म्हणून दुभाष्याला विषयाचे ज्ञानही लागते. बँकेचे काम घेणाऱ्याला तारण, गहाण, जामीन यांतील फरक आधी स्वतःला कळला पाहिजे.

आपल्या कायद्याने संमतीची व्याख्या फार सुंदर केली आहे. दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे म्हणजे संमती. एकत्र कुटुंबांतील भागीदारीपत्रे, वाटणीपत्रे, हक्कसोडपत्रे यांवर बधिर भावाची, बधिर वहिनीची, बधिर आत्याची सही असते. ती सही 'एकाच अर्थाने' झाली होती काय, असा प्रश्न उद्या न्यायालयात उपस्थित झाला, तर लाभ घेणाऱ्या भावाने स्वतःच दुभाष्याचे काम केले होते हे उत्तर तेथे किती टिकेल, याचा विचार प्रत्येक पेढीने करावा. प्रामाणिक भावालाच त्रयस्थ दुभाष्याची गरज अधिक असते. प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे त्याच्याजवळ दुसरे साधन नसते.

घरातील मुलांचा प्रश्न याहून हळवा आहे. बधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुले चार-पाच वर्षांची असल्यापासून घराचे दुभाषी होतात. दूधवाल्याशी, शाळेतील बाईंशी, पुढे डॉक्टरांशी आणि बँकेशीही तीच बोलतात. इंग्रजीत अशा मुलांना 'कोडा' म्हणतात. त्यांची सांकेतिक भाषा मातृभाषेसारखी सहज असते आणि त्यांतून उत्तम दुभाषी निघतात. पण नऊ वर्षांच्या मुलीने आईला तिच्या स्वतःच्या कर्करोगाची बातमी खुणांनी सांगावी, हे काम त्या मुलीचे नव्हे. मोठे झाल्यावर अशा मुलांना व भावंडांना त्यांच्या अंगच्या कौशल्याची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवण्याची सोय दिल्लीच्या केंद्राने ठेवली आहे. खुणा त्यांना जन्मापासून येतात. परीक्षेच्या निमित्ताने त्यांना गोपनीयता, तटस्थता आणि 'मी'चा नियम शिकावा लागतो, व तोच त्यांना जड जातो, कारण लहानपणापासून आईवडिलांना सांभाळून घेण्याची सवय झालेली असते.

कायद्याने या क्षेत्रात बरीच वाट मोकळी केली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने संज्ञापनाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश केला. त्याआधीच, २०१३ मध्ये, पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन तोंडाने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाषी अथवा विशेष शिक्षकाच्या साहाय्याने घ्यावा आणि त्याचे चित्रीकरण करावे, असे ठरले. चित्रीकरणाची अट मोठी शहाणपणाची आहे, कारण दुभाष्याचे काम मागाहून तपासता येण्याचा तोच एक मार्ग. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील महिलेने दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात काम चालवले, तेव्हा सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी दुभाष्यालाही दूरदृश्य प्रणालीच्या पडद्यावर स्थान देवविले. ही बातमी आपण सर्वांनी वाचली असेल. पण त्या पडद्यावरील छोट्या चौकटीतील माणसामागे किती वर्षांचे शिक्षण असते, याची चर्चा त्या वेळी फारशी झाली नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ५० लाख लोकांनी श्रवणदोषाची नोंद केली आहे. त्यांच्या मानाने शिक्षित दुभाषी अत्यल्प आहेत आणि जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत एकवटलेले. तालुक्याच्या गावी दुभाषी हवा असेल तर आज भ्रमणध्वनीवरील चित्रसंवादाचा आधार घ्यावा लागतो. समोरासमोर बसण्याइतका तो चांगला नाही, पण थोरल्या भावाच्या खुणांपेक्षा निश्चित चांगला. मानधनाविषयी आपल्याकडे संकोच आहे. वकिलाला फी, लेखापरीक्षकाला फी, आणि दुभाष्याने मात्र सेवाभावाने यावे अशी अपेक्षा. सेवाभावाने आलेला माणूस सल्ला देऊ लागतो, हे वर पाहिलेच. शिवाय ज्या व्यवसायात पोट भरत नाही त्यात हुशार मुले जात नाहीत.

आपल्या घरांतील मुले वाणिज्य शाखेकडे मोठ्या संख्येने जातात. जमाखर्च, करारनामा, विमा, करविवरण यांची परिभाषा त्यांनी जेवणाच्या पानावर ऐकलेली असते. यांतील कोणी दोन वर्षांची ही पदविका घेतली, तर आर्थिक व्यवहारांतील दुभाष्यांची जी चणचण आहे ती भरून निघण्यास त्याची मदत होईल, आणि हा पदवीबरोबर अथवा पदवीनंतर करता येण्याजोगा व्यवसाय आहे. ज्यांच्या घरी बधिर मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी अध्यापनाच्या पदविकेची चौकशी करावी. वांद्रे येथील संस्थेतही याविषयी माहिती मिळू शकते. वधू-वर परिचय मेळावे, वार्षिक सभा यांच्या संयोजकांनी पत्रिकेत 'दुभाष्याची आवश्यकता असल्यास पंधरा दिवस आधी कळवावे' एवढी एक ओळ छापली तरी बधिर सभासद आईच्या कोपराकडे पाहत बसण्याऐवजी समोर पाहू लागतील.

आणि घरातील दस्तांपुरते सांगावयाचे तर, निरक्षर किंवा परभाषी व्यक्तीची सही घेताना 'मजकूर वाचून दाखविला, समजावून सांगितला व तो त्यांनी मान्य केला' असा शेरा आपण पूर्वापार लिहीत आलो आहोत. त्याच धर्तीवर बधिर भागीदाराच्या सहीपाशी 'मजकूर भारतीय सांकेतिक भाषेत समजावून सांगितला' असे लिहावे. तारीख, वेळ, दुभाष्याचे नाव, पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक व सही तेथेच घ्यावी. बैठकीचे चित्रीकरण करून त्याची एक प्रत दोन्ही पक्षांनी आपापल्याजवळ ठेवावी. आणि बधिर व्यक्तीने विचारलेले प्रश्न व त्यांना मिळालेली उत्तरे वेगळ्या कागदावर टिपून तो कागद दस्ताला जोडावा.